ऑपरेशनच्या आधीचं जेवण

जोयड्याच्या बसस्टँडमागं माझ्या मैत्रिणीची खानावळ होती. चार बाकडी, एक मोरी आणि मागच्या बाजूला चूल. कचेरीच्या कामाला आलेली खेड्यांतली माणसं, जीपवाले, वनखात्याचे वॉचर तिच्याकडं जेवायचे. ती मूळची दिग्गीची, कुणब्याची मुलगी. मी रामनगरला मराठी शाळेत शिकवते. आमची तिसरी मैत्रीण बाजारकुणंगच्या अंगणवाडीत होती. हायस्कूलला तिघी एका बाकावर बसलो आणि पन्नाशी आली तरी एकमेकींना सोडलं नाही.

खानावळवालीच्या जिभेच्या कडेला पांढरा चट्टा आला तेव्हा तिनं तो गरम चहावर ढकलला. पान-तंबाखूची सवय तिला पोरवयापासूनची. चिखलात रोपं लावताना थंडी वाजू नये म्हणून आईनंच पहिल्यांदा दिलेला विडा. चट्ट्याची जखम झाली, कानापर्यंत ठणका मारायला लागली, तेव्हा आम्ही दोघींनी तिला ओढतच बेळगावला नेलं. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासायला पाठवला. दुसऱ्या खेपेला त्यांनी आडपडदा न ठेवता सांगितलं, जीभ काढावी लागेल, बहुतेक सगळीच. पुढं नळीनं खायचं. बोलता किती येईल ते आत्ता सांगता येत नाही.

परतीच्या बसमध्ये खानापूर जवळ आलं. तेव्हा ती म्हणाली, "मला एकदा जेवायचं हाय."

"भूक लागली काय? खानापुरात उतरूया की," मी म्हटलं.

"तसं न्हवं गं. खुर्चीवर बसून जेवायचं. दुसऱ्यानं रांधलेलं, दुसऱ्यानं वाढलेलं. त्या नदीकडच्या रिसॉर्टात एकेक पदार्थ आणून पुढ्यात ठेवत्यात म्हणं. तसं."

खानावळीत ती नेहमी सगळ्यांच्या शेवटी, चुलीपाशी उभ्यानंच चार घास खायची. मी तिला ताटावर बसलेली क्वचितच पाहिली होती.

अंगणवाडीवालीचा नवरा पाहुण्यांना जंगलात फिरवायला जीप चालवायचा. रिसॉर्टचा कुक त्याच्या ओळखीचा होता, मंगळूरकडचा, उतारवयाचा माणूस. जीपवाल्यानं त्याला सगळं सांगितलं. तिखट नको, गरम नको, चावावं लागेल असं काही नको. ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यातल्या एका दुपारी तो आम्हा तिघींना तिथं सोडून गेला.

खानावळवालीनं मुलाच्या लग्नातली इरकल साडी नेसली होती. टेबल काळी नदीच्या अगदी वर, लाकडी गच्चीवर मांडलेलं. पांढरं कापड, चमचेच चमचे. शेजारच्या टेबलावर गोव्याहून आलेलं एक कुटुंब होतं. त्यांच्याकडं बघून आम्ही मांडीवर रुमाल पसरले.

आधी कोहळ्याचं थंड सूप आलं, नारळाच्या दुधातलं. मग कंद उकडून, लोण्यात घोटून केलेला मऊ गोळा. मग हळदीच्या पानात वाफवलेला मासा, एकही काटा नसलेला. प्रत्येक बशी एवढी मोठी आणि पदार्थ मधोमध एवढासा, की ती म्हणाली, "माझ्या गिऱ्हाइकांना असं वाढलं असतं तर बाकडी डोक्यात घातली असती माझ्या."

ती खूप बोलत होती. एरवी ती मोजकं बोलणारी. त्या दुपारी थांबतच नव्हती. पहिल्यांदा खानावळ उघडली त्या दिवशी भात करपला ते, जेवून बायकोच्या नावानं रोज रडणारा एक क्लार्क, तिच्या नवऱ्यानं दारू सोडायच्या घेतलेल्या शपथा. शब्द लोळत होते, लाळ रुमालानं टिपावी लागत होती, पण सगळं कळत होतं. ती घास डाव्या गालाकडं ठेवायची, डोळे मिटायची, गिळताना मान किंचित वाकडी करायची आणि लगेच पुढचं बोलायला लागायची.

जेवण खरोखर चांगलं होतं. मी सगळं खाल्लं, बशीला लागलेलं लोणीसुद्धा. अंगणवाडीवालीची बशी मात्र तशीच होती. ती खाली मान घालून रडत होती.

"रडायचं असंल तर खाली जाऊन बस जा," खानावळवाली म्हणाली. "मला जेवू दे."

ती उठून गेली नाही. डोळे पुसून तिनं चमचा उचलला.

मग एका छोट्या वाटीत लालभडक बर्फासारखं काहीतरी आलं. कोकमाचं होतं. थंड बघून तिनं मोठा चमचाभर तोंडात घातलं. आंबट जखमेला लागलं असणार. तिनं टेबलाची कड घट्ट धरली, तोंडातून गुरासारखा आवाज निघाला. रुमाल तोंडाला लावला तर त्यावर रक्त. शेजारच्या बाईनं आपल्या मुलीचं तोंड दुसरीकडं वळवलं. वेटर धावला, मागोमाग कुक आला आणि हात जोडून कन्नडमध्ये म्हणाला, "तप्पायितु अम्मा, चुकलं माझं. आंबट नको हे माझ्या ध्यानातच आलं नाही."

तिला बोलता येत नव्हतं. तिनं मान हलवली, पाण्यानं तोंड धुतलं, रुमालाची रक्ताची बाजू आत घडी करून टेबलावर ठेवली. मी उठत म्हटलं, "चल, जाऊया." तिनं माझा हात धरून मला खाली बसवलं.

"गोड राह्यलंय," ती म्हणाली.

शहाळ्याची खीर आली. तिनं ती फार सावकाश खाल्ली, संपवली आणि अजून एक वाटी मागून घेतली.

ऑपरेशन झालं. आधी नाकातून नळी घातली, पुढं ती काढून थेट पोटात बसवली. आवाज निघायचा, पण तो तिच्या मुलालाही कळायचा नाही. सून खानावळ चालवायला लागली. सुरुवातीला ही चुलीजवळ स्टुलावर बसायची, पण गिऱ्हाइकं तिच्याकडं पाठ करून जेवतात हे तिच्या लक्षात आलं. एक दिवस तिनं स्टूल स्वतःच उचलून आत नेलं. मग मानेत गाठ आली. डॉक्टर म्हणाले, आता घरीच ठेवा.

तिला दिग्गीला जायचं होतं, भावाच्या घरी. हे तिनं कसं समजावलं कोण जाणे, पण मुलानं नेलं. मी रविवारी जायची. जीप मिळाली तर जीप, नाहीतर पुढं पायी. ती अंगणात घोंगडीवर पडलेली असायची. मी शाळेतल्या गोष्टी सांगायची, ती माझ्या मनगटावर बोटं ठेवून ऐकायची. अंगणवाडीवाली एकदाच आली आणि परत येणार नाही म्हणाली. मी तिला आग्रह केला नाही.

भात कापणीला आलं होतं तेव्हा ती गेली. सकाळी भावजय पेज घेऊन नळीपाशी बसली तर अंग गार पडलेलं. निरोप मला दुपारी मिळाला. मी पोचले तोवर सगळं उरकलं होतं.

बाराव्याला खानावळ बंद ठेवून सुनेनं तिथंच स्वयंपाक केला. पंगत बसली. अंगणवाडीवाली माझ्या शेजारी होती. दुसऱ्या दिवशी शाळा होती, म्हणून मी हात धुऊन रामनगरची बस धरली.