पोचवून आलो

इस्लापूरच्या बाजूचं एक मिसिंग प्रकरण अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. तेलंगणाच्या सीमेलगतच्या एका ठाण्यात मी तेव्हा प्रभारी होतो. नवरा तीन दिवसांपासून बेपत्ता असल्याची तक्रार घेऊन एक बाई आली. नवरा पन्नाशीचा, दारूच्या आहारी गेलेला, मोबाइल बंद. धाकट्या दिराशी बांधावरून वाद आहे, असंही तिने सांगितलं. मिसिंग दाखल केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या खबऱ्याचा, एका चहावाल्याचा, फोन आला. "साहेब, धाकटा काल टपरीवर सांगून राहिला होता, 'भावाला पोचवून आलो.'"

आमच्या भागात मयताला स्मशानात नेण्यालाही पोचवणं म्हणतात. धाकट्याला मी लगेच ठाण्यात आणवलं.

"भावाला पोचवलंस?"

"हाव, साहेब."

"का?"

"त्यालाच सोसंना झालतं. लई दिसांपासून म्हणत होता, मला यातून सोडव."

"वहिनीला का नाही सांगितलंस?"

त्याने मान खाली घातली. "हिंमत झाली न्हाई."

कबुली इतकी सहज मिळते तेव्हा अधिकाऱ्याने सावध व्हायला हवं. मी झालो नाही. प्रेत शोधायला नदीकाठाकडे गाडी काढायला सांगितली. माझ्या डोक्यात खुनाचा गुन्हा दाखलसुद्धा झाला होता.

जबाब लिहिणारी आमची महिला शिपाई देगलूरकडची होती. ती म्हणाली, "सर, ठिकाण राहिलंय." मग त्याच्याकडे वळून तिने साधेपणाने विचारलं, "काका, कुठं पोचवलंत त्यांना?"

"लातूरला. दारू सोडवायच्या केंद्रात. सकाळच्या एसटीनं नेलं. फोन तिथंच ठेवून घेत्यात."

"मग इतका वेळ बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"त्याच्या पोरीची सोयरीक चालू हाय. कुठं ते कुणाला सांगू नको म्हणून त्यानं शपथ घातली. अन् तुम्ही कुठं म्हणून विचारलंच न्हाई." एवढं बोलल्यावर माझा संशय त्याच्या ध्यानात आला. तो हळू आवाजात म्हणाला, "बांधावरून भांडतो साहेब. पण भाऊ हाय त्यो."

गाडी थांबवली आणि केंद्रात फोन लावून खात्री केली.

त्याने शब्द सरळ अर्थाने वापरला होता. वाकडा अर्थ माझा होता, आणि पुढचे प्रश्नही मी त्याच अर्थाला धरून विचारत गेलो. तेव्हापासून जबाब घेताना मी समोरच्याला एकदा तरी विचारायचो, "म्हणजे नेमकं काय?"

बाईला बोलावून केंद्रात पुन्हा फोन लावला आणि तिच्या हातात दिला. रडेल, जाब विचारेल, असं वाटलं होतं. पलीकडून नवऱ्याचा आवाज आल्यावर ती म्हणाली, "जेवलाव का?"

स्टेशन डायरीत मी लिहिलं, 'पत्नीने विचारपूस केली.' याहून बरं वाक्य मला आजही सुचत नाही.