बंद केलेला नंबर

माझ्या फोनमध्ये दोन सिम आहेत. एक कॉलेजपासूनचं, साऱ्या नातेवाइकांना माहीत असलेलं. दुसरं फक्त नेटसाठी. प्रवासात लॅपटॉप चालवायचा तो त्याच्याच हॉटस्पॉटवर. गोम एकच होती. जुन्या नंबरवर कॉल आला की दुसऱ्याचं नेट थांबायचं.

आणि जुन्या नंबरवर फोन यायचे ते बाबांचे. आई गेल्यापासून नागपुरात नंदनवनच्या घरात आम्ही दोघंच. मी गाडीत बसले की दर स्टेशनला त्यांचा प्रश्न, "कुठवर आली वं?" त्यांचा फोन साधा, बटणांचा, आणि पाठ नंबर एकच, माझा. तो लागला नाही की त्यांच्या डोळ्यांसमोर थेट अपघातच. एकदा माझा फोन लागेना म्हणून ते मिहानला कंपनीच्या गेटवर येऊन उभे राहिले होते. मी चारचौघांत त्यांच्यावर खेकसले होते.

मे महिन्यात गोंदियाला मावसबहिणीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा होता. मॅनेजरने सुट्टी दिली नाही. "लॅपटॉप घेऊन जा, अकराची मीटिंग गाडीतून कर," म्हणाला. नोकरी अजून कायम व्हायची होती, तेव्हा मी मुकाट मान डोलावली. बाबांना ऊन सोसत नाही, म्हणून ते घरीच थांबले.

इतवारीला गाडी पकडली आणि भंडाऱ्याच्या अलीकडे मीटिंग सुरू झाली. मांडीवर लॅपटॉप, शेजारी कुणाचं तरी शेंगदाणे सोलणं, आणि मी परदेशातल्या साहेबांना तक्ता दाखवतेय. तेवढ्यात बाबांचा फोन. तक्ता अडकला. मी फोन कापला. दोन मिनिटांनी परत. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, "नेट है या मज़ाक है?" माझं डोकंच फिरलं. सेटिंगमध्ये जाऊन मी जुनं सिम बंद करून टाकलं. अर्ध्या तासाचा तर प्रश्न होता. बाबांना आधी एक फोन करून सांगावं, हे मला सुचलं नाही, असं मी बरेच दिवस स्वतःला सांगत होते. सुचलं होतं. कंटाळा केला.

मीटिंग झकास झाली. गोंदियाला मावशीकडची मंडळी घ्यायला आली होती. साड्या, ओट्या, फोटो या गडबडीत सिम तसंच राहिलं. जेवणाच्या पंगतीत मावशी आपला फोन घेऊन धावत आली. पलीकडे आमच्या शेजारच्या काकू होत्या.

"तुया फोन काहून बंद आहे वं? बाबा तुले पाहाले इतवारी टेसनावर गेले होते. उन्हात पडले ते."

बाकीचं नंतर कळलं. बाबांनी कितीतरी वेळा नंबर लावला आणि शेवटी सायकल काढली. मे महिन्यात नागपुरात डोक्याला दुपट्टा बांधल्याशिवाय कोणी उंबरा ओलांडत नाही. ते तसेच निघाले. स्टेशनवर त्यांनी विचारलं, गोंदियाच्या गाडीचं काही झालं का? काही झालं नाही, गाडी कधीच पोचली, असं खिडकीतल्या माणसाने सांगितलं. त्यांचा विश्वास बसला नाही. तिकडून येणाऱ्या गाडीतलं कोणीतरी सांगेल म्हणून ते फलाटाच्या टोकाला उघड्यावर उभे राहिले. पडल्यावर लोकांनी त्यांच्या फोनवरचा शेवटचा नंबर लावून पाहिला. तोही माझाच. मग नंदनवनातल्याच एका ऑटोवाल्याने त्यांना ओळखलं आणि दवाखान्यात पोचवलं.

मी पोचले तेव्हा संध्याकाळ झाली होती. बाबांच्या अंगावर ओल्या चादरी, हाताला सलाईन. काकू उशाशी बसल्या होत्या. बाबांनी डोळे उघडले.

"फोन काहून बंद होता वं?"

"बॅटरी संपली होती, बाबा."

त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. काकूंकडे मान वळवून म्हणाले, "मी म्हणून राहिलो होतो ना तुम्हाले? माही पोरगी मुद्दाम नाही करत."

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गेले. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला काकू त्यांचं ते शेवटचं बोलणं सांगतात, डोळे पुसतात, आणि मी चहा देत तिथेच उभी असते.