वानखडे सरांचे भुंगेरे

मोताळ्याच्या आमच्या कॉलेजात, प्राणिशास्त्र विभागाच्या कपाटात भुंगेऱ्यांपेक्षा किस्सेच जास्त साठलेत. भुंगेऱ्यांना डांबरगोळ्या तरी लागतात, किस्से तसेच टिकतात. दुखणं एवढंच की बहुतेक किस्से वानखडे सरांचे आहेत आणि मी त्यात शेजारी उभा असतो.

विभागात आम्ही दोघंच. भिंतीवर बुलडाणा जिल्ह्याचा नकाशा. जिल्ह्यात प्रथमच सापडलेल्या जातीची तिथं टाचणी लागते, खाली शोधणाऱ्याचं नाव. सगळी नावं वानखडेंची. मला फक्त एक टाचणी हवी होती.

*

पृथ्वीवर सगळ्यात जास्त जाती भुंगेऱ्यांच्या, असं मी दरवर्षी वर्गात शिकवतो. रानात गेलो की मला मात्र शेणकिडाच भेटतो. एकदा पिंपळगाव राजाच्या शिवारात दिवसभर जाळी फिरवली आणि भरलेली डबी सरांसमोर उघडली.

सरांनी अगदी मनापासून पाहिलं. म्हणाले, "शेन चांगलं होतं म्हनजे."

*

सर स्वतः जाळी वगैरे घेत नाहीत. आठवडी बाजारात त्यांनी अंबाडीची जुडी घेतली, तर तिच्यात सोंडकिडा! तोही भुंगेऱ्यांच्याच गणातला, आणि जिल्ह्यात पहिलाच. मी त्याच बाईकडून जुडी घेतली होती. घरी पान न् पान उलटून पाहिलं.

भाजी झकास झाली.

*

साखरखेर्ड्याच्या लग्नात आम्ही एकाच रांगेत, एकाच दिव्याखाली बसलो. माझ्या फेट्यावर चिलटं. त्यांच्या फेट्यावर शिंगवाला भुंगेरा येऊन बसला. तोही नकाशावर गेला. त्या पंगतीत मला मठ्ठासुद्धा गोड लागला नाही. स्पष्टच सांगतो, जळलो.

*

गेल्या महिन्यात सर पेढे घेऊन विभागात आले. लांब मिशांचा, पाठीवर लालसर ठिपके असलेला भुंगेरा, शेवग्याच्या खोडावर सापडलेला. नवी टाचणी. मी तोंडदेखलं अभिनंदन केलं आणि कुठे मिळाला ते विचारलं.

"तुमच्याच आंगनात, सर. वहिनीनं फोन केला होता. इतवारी दुपारी येऊन घेऊन गेलो."

रविवारी दुपारी मी घरातच होतो, आतल्या खोलीत झोपलेलो. संध्याकाळी घरी आल्याबरोबर बायकोला विचारलं, "मले काऊन नाही उठवलं?"

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, "उठवालेच आली होती. मंग म्हटलं जाऊ द्या, जानकार मानसालेच बलावू."