परकारकाका आणि मधलं दार

परकारकाका मला पहिल्यांदा दिसले ते लोखंडी पिंजऱ्यात, गुडघ्यांवर हात टेकून, मान खाली घालून उभे. जेद्द्याबाहेरच्या कारखान्यात माझा पहिलाच दिवस होता. मी बघतच राहिले. ते आतूनच म्हणाले, "अगो, तो समोरचा दिवा बंद कर बघू. माझ्या डोळ्यांवर येतोय, तर बैलाच्या येणारच."

कत्तलखान्यात बैलाला धरून ठेवणारे पिंजरे आम्ही बनवायचो. रत्नागिरीकडचे काका मुख्य इंजिनीअर आणि मी त्यांच्या हाताखाली ड्रॉइंग करणारी. माझ्या सांगलीत बेंदराला बैल पूजतात, त्यामुळे सुरुवातीला हे काम नकोसं वाटायचं. काकांना तसं बोलले, तर ते चिडले नाहीत. "कापणार तर आहेतच. मग घाबरवायचं कशाला?" एवढंच म्हणाले. मग माझंही मन कामात रमलं.

काकांचा जीव एका दारात अडकलेला. कापला जाणारा बैल मागच्याला दिसू नये म्हणून त्यांनी पिंजरा आणि मागची रांग यांच्या मध्ये भक्कम पत्र्याचं दार घातलं होतं. आमच्या कफीलला, म्हणजे कारखान्याच्या अरब मालकाला, ते नको होतं. दार उघडण्यामिटण्यात वेळ जातो, ईदच्या गर्दीत कोण थांबणार? काका "हो, बघतो" म्हणायचे आणि दार तिथंच ठेवायचे. असा हट्टी माणूस! शेवटी कफील चिडला. दार काढा, नाहीतर इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, वाढवणार नाही, म्हणाला. साठी उलटलेल्या माणसाला दुसरी नोकरी कोण देणार?

काकांनी शांतपणे अरबीत विचारलं, घरच्या कुर्बानीला तुम्ही सुरीला धार जनावरासमोर लावता का? कफील म्हणाला, छे, त्याला दिसता कामा नये. काका म्हणाले, "मग हे दार त्यासाठीच आहे." कफीलने दाराकडे एकदा पाहिलं. मग म्हणाला, चाचणी घ्या, खोळंबा झाला तर खलास.

कत्तलखान्यातल्या चाचणीला तो घड्याळ हातात धरूनच उभा होता. पहिला बैल आपणहून आत गेला, मागे दार लागलं. आतलं काम उरकलं. कफील मागच्या बैलाकडे बघायला वळला आणि तिथंच थबकला.

तो बैल डोळे अर्धवट मिटून निवांत रवंथ करत होता.

कफीलने घड्याळ खिशात टाकलं. काका नुसते हसले आणि दार उघडायला गेले.