आधी 'न्हाई' म्हणा, मग सही करा

शालिनीबाईंना साठ वर्षं पूर्ण झाली, त्यांच्यावर गौरवग्रंथ काढतोय, तुम्हीही चार ओळी द्या, असं रामनगरहून समितीची माणसं येऊन सांगून गेली. मी दुसरी शिकलेली. लेखात अलंकार शोधू नयेत. बाईंचं जे डोळ्यांनी बघितलं तेवढंच लिहिते, आणि त्यात सगळं गोड नाही.

पहिली ओळख रामनगरच्या सेवा केंद्रात झाली. आमचे मालक वारले होते आणि पेन्शनच्या कागदावर माझी सही हवी होती. कागद म्हणायची आपली सवय, होता तो मोबाईल. बाईंच्या आधी त्या खुर्चीवर एक गृहस्थ असत. ते 'आजी, बोट' म्हणायचे, बोट धरून काचेवर टेकवायचे आणि पुढच्याला हाक मारायचे. कशावर टेकवलं विचारलं तर म्हणायचे, सगळ्यांचं हेच असतं. शालिनीबाई त्या खुर्चीवर आल्या आणि मोबाईल पहिल्यांदा आमच्याकडं फिरला. आतलं सगळं कानडीत आणि इंग्रजीत. कानडी आम्ही बोलतो, वाचायला कुणाला येतंय? बाईंनी ते मराठीत सांगितलं, घाई न करता. नाव लिहिताना माझं अक्षर घसरून चौकटीबाहेर गेलं. मागचा एक ट्रकवाला कुरकुरला, म्हातारीचा अंगठा घेऊन मोकळ्या व्हा की. बाई मान वर न करता म्हणाल्या, "तुमचा ट्रक यांनी चालवला तर चालंल? मग यांची सही यांना करू द्या." आणि पुसून पुन्हा लिहायला दिलं.

टेबलावर त्या कायम एक कोरडं फडकं ठेवत, कारण शेतातून आलेल्या ओल्या बोटाला काच दाद देत नाही. ज्या म्हाताऱ्यांना जंगलातून खाली उतरणं होत नसे, त्यांच्याकडं स्वतः जीप धरून जात. आमच्या गावात रेंज फक्त देवळामागच्या चढावर मिळते. तिथं कुणाला ताटकळावं लागू नये म्हणून बाईंनी जीपच्या टपावर घालून एक बाकडं आणलं. एकदा मोबाईलातलं ते सहीचं बनवणाऱ्या कंपनीची माणसं आली होती, गिऱ्हाइकाला सही करणं सोपं कसं होईल ते विचारायला. बाई म्हणाल्या, तुमचं 'मान्य'चं बटण हिरवंगार आणि भाकरीएवढं, 'अमान्य' कोपऱ्यात मुंगीएवढं, दोन्ही सारखी करा. त्यांनी लिहून घेतलं, बाईंच्या घरी जेवले आणि गेले. पुढं बघतो तर हिरवं आणखी मोठं झालेलं.

आता सांगते ते समितीला आवडायचं नाही. पण बाईंनी स्वतः मला सांगितलंय, ते गाळलंत तर बाकीचंही लिहू नका.

वाघासाठी जंगल मोकळं ठेवायचं, तेव्हा ज्यांना आपखुशीनं गाव सोडायचं आहे त्यांनी संमती द्यावी, दुसरीकडं जागा मिळेल, अशी योजना आली. संमती मोबाईलवर घ्यायची आणि काम बाईंकडं आलेलं. मे महिन्याच्या उन्हात त्या चढून आल्या. बाकड्यावर बसून प्रत्येक घराला सगळं वाचून दाखवलं, काय मिळणार, काय जाणार, सही झाल्यावर मागं फिरता येणार नाही. घसा बसला तरी वाचत राहिल्या. एकेकानं सही केली. माझ्या मुलानंही केली. मी मला जायचं नाही असं सांगितलं आणि शेळ्या बघायला गेले.

बाई उतरून गेल्या. मग पुंडलिक भाऊजींनी, म्हणजे गावातल्या थोरल्यांनी, सगळ्यांना मांडावर बोलावलं. देवळापुढची ही जागा, गाव बसून काय ते ठरवतो ती. भाऊजी म्हणाले, "बाई गेल्या. आता जायचं का न्हाई ते ठरवूया."

मी म्हटलं, "ठरलं की. मग सही कशावर केलीसा?"

"व्हय, पण ती बाईंसाठी," भाऊजी म्हणाले. "एवढ्या उन्हात आल्या, घसा बसस्तवर वाचलं. तोंडावर न्हाई कसं म्हणायचं?"

आमच्याकडं दारी आलेल्याला कुणी नाही म्हणत नाही. 'बघूया' म्हणतात, उकडलेले कंद आणि चहा पुढं करतात, आणि पाहुणा गेल्यावर मांडावर बसून खरं काय ते ठरतं. मोबाईलात 'बघूया'चं बटण नाही. मांडावर 'जायचं न्हाई' असं ठरलं, पण माझ्याखेरीज अख्ख्या गावानं पाहुणचार म्हणून हिरवं आधीच दाबलं होतं. ते आधीचे गृहस्थ बोट धरायला आले असते तर गावानं त्यांना पळवून लावलं असतं. बाई चांगल्या, म्हणून गाव गेलं. हे मी टोचायला लिहीत नाही, घडलं तसं लिहिते.

कळल्यावर बाई मिळेल त्या जीपनं परत आल्या. मग जोयड्याला तालुक्याच्या कचेरीत गेल्या, पुढं जिल्ह्याला गेल्या. सगळीकडं त्यांना तेच विचारलं. वाचून दाखवलं होतं? होतं. जबरदस्ती केली? नाही. मग चुकलं काय? मांडावर उभं राहून त्या गावाला म्हणाल्या, "हे माझ्यामुळं झालं." पुंडलिक भाऊजींनी त्यांना चहा घ्यायला बसवलं.

त्या दिवसापासून बाईंनी केंद्रात नवी रीत पाडली. येणाऱ्यानं आधी त्यांच्या तोंडाकडं बघून 'न्हाई' म्हणायचं, सहीचं त्यानंतर. बाप्ये हसायचे, बायका तोंडाला पदर लावायच्या, 'तुम्हाला कसं म्हणू' म्हणायच्या. बाई थांबायच्या. एकदा 'न्हाई' तोंडातून निघालं की कितीतरी जण खरोखरच सही न करता घरी जायचे. रांग लांबली. शेजारी दुसरं केंद्र निघालं, तिथं बसायच्या आत काम होतं, लोक तिकडं वळले. आता तर ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल, घरबसल्या सही, वाचून दाखवणारं माणूसच नको. बाई निवृत्त होतायत आणि त्यांच्या खुर्चीवर कुणाला बसवणार नाहीत. ही रीत पुढं कोण चालवणार, असं मी समितीला विचारलं. त्यांनी लेख कधी देता ते विचारलं. हार मात्र आणलेत.

गेल्या महिन्यात मी बाईंना निरोप धाडला. गावातली घरं एकामागून एक उठली, मुलगाही गेला. एका चुलीचं काही गाव होत नाही, आणि उद्या मी मेले तर खांदा द्यायला खालून माणसं आणावी लागतील. बाई आल्या, ओट्यावर बसल्या आणि म्हणाल्या, "आधी न्हाई म्हणा, अक्का."

"न्हाई," मी म्हटलं. मला ते कधी जड गेलं नाही.

बाईंनी लगेच मोबाईल पिशवीत टाकला आणि उठल्या. त्यांच्या चेहऱ्यावर एवढा आनंद मी पूर्वी बघितला नव्हता. मीच हात धरून खाली बसवलं. "बसा. मनातलं न्हाई म्हणून झालं. आता काढा तो."

त्यांनी पहिल्यापासून सगळं वाचलं, एक ओळ गाळली नाही. मधे थांबल्या, पाणी प्यायल्या, पुन्हा वाचलं. मी सही केली. बाई रडल्या. भात कापलं की मीही निघणार.

चांगलं करून चांगलं झालं नाही, हे शालिनीबाईंना ठाऊक आहे. तरी त्यांनी करायचं सोडलं नाही, एवढ्यासाठी मी हात जोडते. त्यांना मोठं आयुष्य मिळो, गुडघे आणि घसा शेवटपर्यंत शाबूत राहोत. नव्या जागी एकसारखी घरं आहेत, कुणालाही विचारून माझ्या दारी यावं, मोबाईल घरी ठेवून यावं. मी बसा म्हणेन. जा म्हणायची वेळ आली तर तेही तोंडावर म्हणेन.