फणसाच्या पालखीला देवदाराचा वास

आधीच सांगतो, अंगात येणं, कौल, कोप यांतलं मी काही मानत नाही. पण लाकडाच्या वासात मला कोणी फसवू शकत नाही. महाडच्या एमआयडीसीत मशिनरी ज्या लाकडी खोक्यांतून येते, ती खोकी भंगारात घेऊन मी धंदा उभा केला. फळी नाकाशी धरली की झाड सांगतो.

एकदा उत्तरेकडून आलेल्या खोक्यात अस्सल देवदाराच्या फळ्या निघाल्या. देवदाराचा वास भिडस्त नसतो. चंदनासारखी लाडीगोडी नाही त्याच्यात. शिसपेन्सिलीला टोक काढताना येतो तसा, पण दांडगा, कोरडा, जरा कडवट... तो आला की बाकीच्या वासांनी सरकून बसायचं.

वरंधच्या वर डोंगरात आमची वाडी. शिमग्याला देवीची पालखी घरोघर फिरते. पहिल्या थांब्याचा मान आमच्या घराचा होता. वडील गेले, मी महाडला आलो, आणि चुलतभाऊ रघूदादाने "तू आता शेरातला" म्हणत मान स्वतःच्या दारात नेला, आमच्या घरचा थांबाच गाळला. आई तिथेच राहते. दर शिमग्याला ती ओवाळायचं ताट घेऊन उंबऱ्यात उभी, आणि पालखी न थांबता पुढे!

नवी पालखी करायची ठरली तेव्हा मी त्या फळ्या टेम्पोत घालून वर नेल्या. अट एकच — पहिला थांबा परत आमचा.

"देवीला खोक्याचं लाकूड?" रघूदादा म्हणाला. "उद्या पुठ्ठ्याचा मुकुट आणशील रे!"

सगळी वाडी हसली. मी फळ्या तशाच परत भरल्या आणि पोलादपूरला विकून टाकल्या. पालखी झाली वाडीतल्याच फणसाची, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत.

त्या शिमग्याला भर दुपारी पालखी आमच्या दारापुढे आली. पुढच्या दांडीला रघूदादा. आणि वास आला... देवदाराचा. ढोलवाले थांबले.

"अत्तर कुणी लावलंय रे?"

मी आधी माझाच शर्ट हुंगला. काही नाही. पालखी चार घरं पुढे गेली, वास गेला. रघूदादाने चिडून ती मागे फिरवली. आमच्या दारात पुन्हा तोच वास!

वाडीचे वडीलधारे धोंडूकाका म्हणाले, "टेकवा खाली." त्यांनी कोयत्याने दांडी आतल्या बाजूने खरवडली. आत पिवळाधमक फणस. त्याचा गोडसर वास खाली, आणि त्याच्यावर छाती काढून उभा देवदार. तेवढ्यात आईने ओवाळून घेतलं. पालखी दारात टेकली होती ना!

"तेल चोपडलंय यानं!" रघूदादा ओरडला. मी त्याची कॉलर धरली. लोकांनी सोडवलं.

दुसऱ्या दिवशी देवळात बैठक बसली. धोंडूकाका म्हणाले, "देवीचा कोप म्हणून वाडी घाबरली हाय रे. तेल लावलं एवढं कबूल कर, नारळ ठेव. मान तुझ्या दारात परत. रघू पण तयार हाय."

बघा, मला हवं ते सगळं समोर मांडलेलं. घासाघीस करायचीही गरज नाही.

मी म्हणालो, "लावलं नाय, तर कबूल काय करू?"

बाहेर आल्यावर आई चिडली. "बोल ना रे हो! देवीला ठाऊक हाय खरं काय ते. माझी आता अशी किती वरसं राहिलीत?"

आईला मी काय सांगणार? धंद्यात मी कमी भावात माल काढतो, समोरच्याला घाम फोडतो. पण स्वस्तातल्या पाइनला कधी देवदार म्हटलेलं नाही. मग मानासाठी लबाड कशाला होऊ?

आई अजून फोनवर नुसतं "हूं" म्हणते.

आता तुमच्यातले हुशार लोक खाली कमेंटमध्ये लिहितील — फळीचा तुकडा राहिला असेल, भुसा सांडला असेल. घर, अंगण, गोठा, सगळं मी स्वतः उलथंपालथं केलंय. भुशाचा कणही नाही. आणि "देवीने न्याय दिला" असं लिहिणाऱ्यांनीही थांबावं. न्याय दिला असता तर आई माझ्याशी बोलली असती.

तो वास कुठून आला, मला माहीत नाही. पुढच्या शिमग्याला पालखी थांबो नाहीतर न थांबो, मी आईच्या शेजारी उंबऱ्यात उभा असणार. कोणी विचारलं तर उत्तर हेच — तेल मी लावलेलं नाही.