चौथ्या राउंडचा गार्ड

लंडनमध्ये राहणारा मराठी पोरगा लिहायला बसला म्हणजे आता थंडी येणार, बर्फ येणार, आईच्या हातचं काहीतरी येणार आणि शेवटी डोळ्यात पाणी येणार, असं वाटत असेल तर आत्ताच सांगतो, तसलं काही नाही. बर्फ मी इथे आल्यापासून एकदाच बघितला, तोही दुपारपर्यंत टिकला नाही. या लिखाणात एक गार्ड आहे. बँकेच्या दारात खुर्ची टाकून बसतो तो नव्हे. अमेरिकन फुटबॉलमधला, एकशे चाळीस किलोचा. त्याला मी कधी भेटलो नाही, हेल्मेट काढलं तर ओळखणारही नाही, आणि त्याच्यापायी हॅरोतल्या एका घरात मी आयुष्यातली सगळ्यात मोठी बोलणी खाल्ली. तुम्हाला या खेळातलं काही कळत नसेल तर उत्तम. मलाही कळत नव्हतं. मला ते जबरदस्तीने कळवण्यात आलं.

मी फलटणचा. शाळा तिथलीच. मास्टर्स करायला इकडे आलो आणि हॅरोला आत्याकडे राहिलो, मास्टर्स संपलं, वेम्बलीच्या बाजूला एका वेअरहाउसच्या ऑफिसात नोकरी लागली, तरी आत्याकडेच राहिलो. आत्या हॉस्पिटलमध्ये भूल देणारी डॉक्टर. घरात ती, तिचा मुलगा आणि मी, तिघंच. मुलगा माझ्याहून तीन वर्षांनी मोठा, म्हणून मी त्याला दादा म्हणायचं असा आत्याचा हुकूम. दादा इथेच जन्मला. कौन्सिलमध्ये, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, पार्किंग परमिटचं काम करतो. मराठी बोलतो, पण त्याच्या मराठीत बाई, बुवा आणि वस्तू या तिघांनी आपापसात कपडे बदललेले असतात.

आणि दादाला एक टीम आहे. अमेरिकेतली. नाव सांगत नाही, त्यांची आधीच पुष्कळ शोभा झालीय. ती दरवर्षी हरते. हरली की दादा दोन दिवस जेवणात मीठ आहे का नाही हेसुद्धा सांगू शकत नाही. मग वसंत आला की तो जिवंत होतो, कारण तेव्हा ड्राफ्ट असतो. ड्राफ्ट म्हणजे कॉलेजातून बाहेर पडणारी पोरं सगळ्या टीम्सनी पाळीपाळीने उचलायची. सात राउंड. मी ते माझ्यापुरतं पंगतीसारखं समजून घेतलं. पहिल्या पंगतीला गावातले मोठे लोक, त्यांचे फोटो निघतात. शेवटच्या पंगतीला वाढपी आणि घरचे. मधल्या पंगतीला कोण जेवून गेलं हे यजमानालाही माहीत नसतं. तर दादाचा सगळा जीव त्या मधल्या पंगतीत. तिसरा, चौथा, पाचवा राउंड. त्याचं म्हणणं, पहिल्या राउंडचं कोणीही सांगेल. अभ्यास म्हणतात तो इथे लागतो.

अभ्यास त्याने करावा, माझी काही हरकत नव्हती. पण तो माझ्यावर करायचा. मार्च आणि एप्रिल हे दोन महिने मी माणूस नव्हतो, साहित्य होतो. मी ऑफिसातून आलो की बूट काढायच्या आत लॅपटॉप समोर. बावीस जण एकमेकांवर पडतायत, आणि दादा म्हणतोय, त्या खालून तिसऱ्याचं कंबर बघ. मी म्हणायचो, बघितलं. तो म्हणायचा, नाही बघितला, परत बघ. मेट्रोपॉलिटन लाइनच्या ट्रेनमध्ये सकाळी आठ वाजता त्याने माझा पंजा पसरून अंगठ्यापासून करंगळीपर्यंत टेपने मोजला, कारण खेळाडूंचा मोजतात. समोरच्या बाईने आधी पंजाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि पुढच्या डब्यात गेली. रविवारी मागच्या अंगणात रिसायकलिंगचा निळा बिन माझ्या अंगावर ढकलून, मी पाय कसे हलवतो ते त्याने फोनवर शूट केलं. मी अंड्यांचे खोके, दुधाचे डबे आणि वर्तमानपत्रांसकट आडवा झालो. दादाने वहीत लिहिलं की माझा बॅलन्स कच्चा आहे.

याचा सूड मी जेवताना घ्यायचो. नकला करणं हा माझा लहानपणापासूनचा रोग. हेडमास्तरांपासून सुरुवात केली, इथे येऊन स्टेशनवरची अनाउन्समेंट, मराठी मंडळाचे सेक्रेटरी, आत्याच्या हॉस्पिटलमधले सर्जन, सगळे झाले. दादा तर रोजचाच. खुर्ची उलटी करून बसायचं, भुवया वर, आणि एका श्वासात कंबर, पंजा, पाय. आत्या हसून हसून वरणाचा डाव खाली ठेवायची. दादाही हसायचा. तो चिडत नाही ही त्याची वाईट खोड आहे, त्यामुळे कुठे थांबायचं हे समोरच्याला कळत नाही.

आता तो गार्ड. गार्ड म्हणजे बॉल फेकणाऱ्याच्या पुढे उभं राहून त्याला मारायला येणाऱ्यांना अडवायचं. बॉल गार्डच्या हातात कधी येत नाही. हा पोरगा कुठल्यातरी लहान कॉलेजचा होता, आणि त्याचे हात आखूड होते. आखूड म्हणजे तुमच्याआमच्या हातांच्या दीडपट, पण त्यांच्यात आखूड. म्हणून सगळे तज्ज्ञ त्याला सहाव्या-सातव्या राउंडात टाकत होते. दादा तीन वर्षं त्याच्या मॅचेस शोधून शोधून बघत होता, एवढ्या लहान कॉलेजच्या की कॅमेरा मध्येच दुसरीकडे बघायचा. दादाचं ठाम मत, हा चौथ्यात जाणार, आणि आमचीच टीम घेणार. असं म्हणणारा पृथ्वीवर तो एकटा होता.

इथे दोन इंग्रज आहेत, ते इंटरनेटवर या खेळाचा शो करतात. इकडचे सगळे शौकीन ऐकतात. दादाने त्यांना काय काय लिहून पाठवलं देव जाणे, पण त्यांनी त्याला शनिवारचा अर्धा तास दिला. चौथ्यापासूनचे राउंड शनिवारी असतात, इथल्या संध्याकाळी. चौथा राउंड चालू असताना दादाने लाइव्ह बोलायचं. जमलं तर सीझनभर दर आठवड्याला. हे त्याने मला एका दिवसात चार वेळा सांगितलं. कौन्सिलमध्ये त्याच्या मागून आलेले दोघं त्याच्या वर जाऊन बसलेत, पण त्याबद्दल तो एकदाही बोलला नव्हता. याबद्दल बोलत होता.

शुक्रवारी तो माझ्या खोलीच्या दारात येऊन उभा राहिला. त्याला भीती होती की ते दोघं इंग्रज मोठ्या नावांवरच बोलत राहतील आणि गार्डचा विषय निघणारच नाही. तर शोला फोन करता येतो. तू कर, म्हणाला. ऐकणारा कोणीतरी म्हणून. या गार्डबद्दल विचार, एकच प्रश्न, आणि ठेव. पुढचं मी बघतो. मी म्हटलं कोण म्हणून करू. तो म्हणाला कोणीही, फक्त तू नको.

आमच्या वेअरहाउसमध्ये रिटायरमेंटला आलेला एक फोर्कलिफ्टवाला आहे, उत्तर इंग्लंडातल्या यॉर्कशरचा. प्रत्येक वाक्य असं टाकतो जणू पोतं खाली ठेवतोय. मी म्हटलं, त्याच्या आवाजात करतो.

शनिवारी पावणेसातला दादा त्याच्या खोलीत माइक लावून बसला आणि मी फोन घेऊन बाथरूममध्ये. मध्ये फक्त जिन्याचं लँडिंग. मी ऑन एअर गेलो, यॉर्कशरचा आवाज लावला, त्या आखूड हाताच्या पोराबद्दल काय मत आहे विचारलं. बरोबर विचारलं. इथे फोन ठेवायला पाहिजे होता.

पण ते दोघं हसले. माझ्या आवाजाला हसले. एकाने विचारलं, तुम्ही कधीपासून बघता हो हा खेळ. आता आमच्या फलटणला गॅदरिंगमध्ये वन्स मोअर आला आणि तुम्ही दिला नाही तर लोक त्याला माज समजतात. वन्स मोअर नाकारायचं मला शिकवलेलंच नाही. मी म्हटलं, लहानपणापासून, बायको सोडून गेली तरी बघतो. ते आणखी हसले. मग त्यांनी विचारलं, गार्डमध्ये तुम्ही काय बघता. हा प्रश्न दादाचा होता. या प्रश्नासाठी तो तीन वर्षं बसला होता. उत्तर मी दिलं. अर्धं दादाचं, कंबर आणि पाय, दोन महिने कानात ओतलेलं. अर्धं शाळेच्या कबड्डीतलं, की दमलेला गडी हातापायावरून कळत नाही, तोंड उघडं ठेवून श्वास घेतो का बघा. ते म्हणाले, हे कोणी सांगितलंच नव्हतं आजवर. आणखी एक सांगा. मी आणखी एक सांगितलं. मग आणखी दोन.

दादा मध्ये बोलायचा प्रयत्न करत होता. मला तो फोनमधूनही ऐकू येत होता आणि दाराच्या फटीतूनही, त्यामुळे त्याचं प्रत्येक ‘इफ आय कुड जस्ट’ मला दोनदा ऐकू आलं. पाच वेळा म्हणाला तो. म्हणजे मी दहा वेळा ऐकलं आणि थांबलो नाही. मग त्यातला एक इंग्रज दादाला म्हणाला, गड्या, जपून राहा, पुढच्या आठवड्यात तुझ्या जागी यांनाच बसवतो. गमतीत म्हणाला. मीही यॉर्कशरमध्ये हसलो.

आणि सात वाजले.

आत्याचं देवघर लँडिंगवरच्या एअरिंग कपबोर्डमध्ये आहे, गरम पाण्याच्या टाकीच्या वरच्या फळीवर. इथे उन्हाळ्याकडे सूर्य मावळायचं मनावर घेत नाही, म्हणून आत्या घड्याळावर दिवा लावते. सातला म्हणजे सातला. तिने घंटा वाजवली. ती घंटा दादाच्या माइकमध्ये गेली आणि माझ्या फोनमध्ये गेली, एकाच वेळी. मग तिने हाक मारली की दोघंही बाहेर या आणि नमस्कार करा. तीही दोन्हीकडून गेली, त्या इंग्रजांच्या शोमध्ये, स्टिरिओत.

एकाने विचारलं, तुम्ही दोघं एकाच घरात आहात का. मी गप्प बसायला पाहिजे होतं. मी यॉर्कशरच्या आवाजात म्हटलं की नाही नाही, ती माझी मिसेस, तिच्याकडे घंटा आहे. चार मिनिटांपूर्वी हीच मिसेस मला सोडून गेली होती. आत्याने पुन्हा घंटा वाजवली.

ते एवढे हसले की एकाला खोकला लागला. राग वगैरे काही नाही. हसत हसतच त्यांनी दादाला थँक्स म्हटलं, मजा आली म्हटलं, आणि जाहिरात लावली. जाहिरातीनंतर ते दोघंच होते. दादाच्या अर्ध्या तासातली पंधरा मिनिटं शिल्लक होती, त्यातलं एकही त्याला मिळालं नाही. पुढच्या आठवड्याचं कोणी बोललं नाही.

मी त्याच्या खोलीत गेलो तेव्हा तो लॅपटॉपसमोर बसला होता. सॉरी म्हणायला तोंड उघडलं, तेवढ्यात स्क्रीनवर दादाच्या टीमची पाळी आली. चौथा राउंड. स्टेजवर एक म्हातारा माजी खेळाडू आला, त्याने चष्मा लावला, चिठ्ठी उलटी धरली होती ती सुलटी केली, आणि त्या गार्डचं नाव वाचलं. आखूड हातांचा. तोच. शोमधले ते दोघं मागे ओरडत होते की हे कोणाच्या स्वप्नातही नव्हतं. दादाने फक्त आवाज बंद केला.

आत्या दारात होती. काय झालं ते तिने माझ्या तोंडून काढून घेतलं आणि मग बोलायला लागली. रुग्णाला भूल देताना वापरते त्या शांत आवाजात, म्हणून जास्त भीती वाटली.

“मला या खेळातलं ओ की ठो कळत नाही,” ती म्हणाली. “पण काल हा माझ्याकडे शर्ट घेऊन आला, इस्त्री करून दे म्हणाला. मी म्हटलं अरे, आवाजच ऐकणार ना ते, शर्ट कोण बघतंय. तरी म्हणाला, कर. आणि तू त्या संडासात बसून स्वतःला टाळ्या मिळवत होतास. तुझ्या आईला काय सांगू, पोरगं काय करतंय म्हणून?” मग दादाकडे वळली. “आणि तू रे. भावाला खोटं बोलायला लावलंस. स्वतः विचारायला काय झालं होतं तुला?” पण त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, माझ्या नाही.

ती खाली गेल्यावर मी म्हटलं, दादा, तूच सांगितलं होतंस फोन करायला. आता चिडशील तर चीड. आणि जो माणूस कधी चिडत नाही तो चिडला. इंग्रजी सोडून मराठीत चिडला, मला नीट लागावं म्हणून.

“एक प्रश्न सांगितला होता. एक. तुला पन्नास लोकांची आवाज येते. मला सगळ्या जगात फक्त हा एक गोष्ट येतो, ते पण तू घेतला. मी बोलत होता आणि तू ऐकत होता, आणि तरी बोलला. आता जा. आणि तुझा यॉर्कशर पण एवढा काही चांगली नाहीये.”